गाडी रिकामी करून आणू नका

घरातल्यांची कुरकुर मी फुकट ऐकली. गाड्यांची कुरकुर ऐकायचा मात्र पंचवीस-सव्वीस वर्षं पगार घेतला. डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात एका मोटार कंपनीत मी आवाजाच्या विभागात इंजिनियर होते. इंजिनाचा मोठा आवाज बघणारे लोक वेगळे, आम्ही बारक्या आवाजांचे. डॅशबोर्डमध्ये कुठेतरी टिकटिकतं, सीट करकरते, खड्ड्यातून गेलं की मागे काहीतरी खुळखुळतं, अशा तक्रारी आमच्याकडे यायच्या. आता निवृत्त झाल्यावर मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारतं, तुम्ही नक्की काय करायचात? मी सांगते, ऐकायचे. समोरचा माणूस पुढच्या वाक्याची वाट बघत थांबतो.

या कामातली पहिली गोष्ट अशी की आवाज जिथे ऐकू येतो, तिथे तो बहुतेक वेळा नसतोच. पत्र्यातून, दांड्यांतून तो लांबवर चालत जातो. ड्रायव्हर छातीवर हात ठेवून सांगतो की घड्याळाच्या मागून आवाज येतोय, आणि तो निघतो मागच्या दाराच्या रबरातून. म्हणून घाईनं गाडी उघडायची नाही. ज्याला आवाज ऐकू येतो त्यालाच चालवायला लावायचं, आपण मागे बसायचं आणि तोंड मिटून घ्यायचं. माझ्या यजमानांचं म्हणणं, यातली शेवटची अट मी फक्त ऑफिसातच पाळली.

दुसरी गोष्ट मी नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवायचे. गाडी आहे तशी मागवायची. माणसं काय करतात, पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तशी गाडी आवरून आणतात. आपली मंडळी तर जास्तच. डिकी रिकामी, दाराच्या कप्प्यातली बिलं फेकलेली, सगळं चकाचक. गाडीबरोबर आवाजही आवरला जातो. मग डीलरचा मेकॅनिक चक्कर मारून येतो आणि कागदावर लिहितो, काही आढळलं नाही. गिऱ्हाईक घरी जातं, आपलं सामान परत भरतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खुळखुळ सुरू.

आमच्याच एका काकांची गाडी सहा-सात महिने अशी खेटे घालत होती. शेवटी ती सामानासकट माझ्याकडे आली. सीटखाली लाल कापडात बांधलेला नारळ निघाला. ग्रीन कार्ड येईपर्यंत तो गाडीतून हलवायचा नाही, असा काकूंचा नवस होता. डीलरकडे जाताना मात्र त्या नारळ उचलून मांडीवर घेऊन बसायच्या, त्यांच्या मते मांडी गाडीतच असल्यामुळे नवस मोडत नव्हता. मी तो जुन्या टॉवेलात गुंडाळून परत सीटखाली घट्ट बसवला. आवाज थांबला, ग्रीन कार्ड यायला मात्र पुढे बरीच वर्षं लागली. दुसऱ्या एका गोऱ्या आजोबांनी तक्रार केली होती की डॅशबोर्डमध्ये रातकिडा ओरडतो. आम्ही तीन इंजिनियरांनी त्यावर चर्चा केली, कोणतं प्लास्टिक कशावर घासत असेल याची चित्रं काढली. डॅशबोर्ड उघडल्यावर आत रातकिडा होता.

हे काम माझ्या वाट्याला कसं आलं, याचं उत्तर मिरजेत आहे. माझे वडील, अण्णा, मिरजेत डॉक्टर होते. दवाखाना घराच्या पुढच्या दोन खोल्यांत होता आणि तो पुढे मी चालवायचा, हे मी पाळण्यात असल्यापासून ठरलेलं होतं. माझं लक्ष मात्र शंभर ठिकाणी. विणकाम केलं, कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकले, रेडिओ उघडून बघितले आणि त्यातले काही परत जोडलेही. गच्चीवर सतरंजी टाकून नक्षत्रं पाठ केली. दुपारी वाचनालयात जाते असं सांगून मी तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत जाऊन बसायचे. तारेखाली सुताचा धागा केसभर पुढे-मागे सरकवत कारागीर कान लावून बसायचे, आणि एका क्षणी ती तार भरून गुणगुणायला लागायची. ते ऐकायला मी तासन् तास उकिडवी बसलेली असे. गंमत अशी, की जी गुणगुण तंबोऱ्यात मुद्दाम आणतात, तीच गाडीतून काढून टाकायचे मला पुढे पैसे मिळाले.

अण्णांचं माझ्याबद्दलचं मत एका ओळीचं होतं : एक ना धड, भाराभर चिंध्या. रागानं नाही म्हणायचे, काळजीनं म्हणायचे. बारावीला मेडिकलचे मार्क थोडक्यात हुकले तेव्हा घरात सुतक आलं आणि मला आतून पेढे वाटावेसे वाटत होते. मग सांगलीला इंजिनियरिंग, मग अमेरिका. म्हातारपणी अण्णा नोव्हायला येऊन राहिले तेव्हा मी त्यांना आमच्या ऑफिसातली आवाज गिळणारी खोली दाखवली, गाडीच्या पत्र्याला लावायचा स्टेथोस्कोप दाखवला. तो त्यांनी स्वतःच्या कानाला लावून बघितला. त्यानंतर ते मिरजेला फोन करून सगळ्यांना सांगायचे, मुलगी गाड्यांची डॉक्टर आहे. त्यांना तेवढं पुरलं, मलाही त्या वेळी पुरलं. तंबोऱ्यांच्या गल्लीचं मी त्यांना कधीच सांगितलं नाही. वेळ होता, ते रोज समोर बसून चहा प्यायचे, पण राहून गेलं.

हे सगळं आठवायचं कारण विनायक. आमच्याच कंपनीत, सस्पेन्शनच्या विभागात. चाकं आणि गाडी यांच्यामधला सगळा सांगाडा त्याच्याकडे. पुण्याचा, माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान, मला सुनंदाताई म्हणणारा. अतिशय सज्जन आणि अतिशय नेटका माणूस. त्याच्या गॅरेजमध्ये भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती काढलेली आहे, पाना जागेवर नसेल तर लगेच कळावं म्हणून. त्याची एकुलती एक मुलगी जुई तेव्हा अकरावीला होती. त्याला आणि त्याच्या बायकोला, अनघाला, जुईनं डॉक्टर व्हायला हवं होतं, आणि तेही बारावीनंतर थेट मेडिकलला प्रवेश देणाऱ्या कोर्समधून.

जुईला मी लहानपणापासून बघत होते. दर वर्षी तिचं नवीन काहीतरी असायचं. एकदा लाकडावर कोरीवकाम, एकदा माउथ ऑर्गन, एकदा दोरीला लटकून भिंती चढणं. तळ्याकाठचे दगड गोळा करणं तर बारा महिने. पैसे घेऊन अर्ज सजवून देणाऱ्या एका सल्लागारानं विनायकला सांगितलं होतं की मेडिकलवाल्यांना मुलांत एकच दिशा दिसली पाहिजे. ते ऐकून विनायकनं जुईला समजावलं, की हे वर्ष बाकी सगळं बाजूला ठेव. तिनं वाद घातला नाही. सगळं सामान दोन खोक्यांत भरून देणगीच्या दुकानात देऊन आले, असं सांगितलं आणि दर शनिवारी हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटिअर म्हणून जायला लागली. हे मला विनायकनंच कौतुकानं सांगितलं होतं. ते ऐकून मला बरं वाटलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या मुलीच्या बाबतीत आपण काय बोलणार.

त्यानंतर थोड्याच दिवसांत विनायकच्या गाडीत आवाज सुरू झाला. आठवडाभर ती गाडी जुई शाळेत न्यायची, सुट्टीच्या दिवशी तो चालवायचा. मागून किणकिण यायची आणि तिच्या खाली एक बारीक घरघर. आमच्याकडचे रस्ते हिवाळ्यानंतर असे काही उखडतात की कुठलीही गाडी बोलायला लागते, पण हा आवाज थांबेना. सस्पेन्शन त्याच्याच विभागाचं, म्हणून त्याला आधी स्वतःच्याच कामावर संशय आला. तो गाडीखाली झोपून सगळं तपासून आला. डीलरकडे गाडी तीनदा गेली, तिन्ही वेळा काही आढळलं नाही. घरी अनघा म्हणाली तिला ऐकू येत नाही, पण अनघाला गाडीत बसल्याबरोबर झोप लागते. जुई म्हणाली, बाबा, मला तर काहीच ऐकू येत नाहीये.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी येऊन बसला. डबा उघडला नाही. त्यानं कानाच्या डॉक्टरकडे तपासणी करून घेतली होती आणि तीही ठीक निघाली होती, त्यामुळे तो जास्तच घाबरला होता. त्याच्या वडिलांना म्हातारपणी भास व्हायचे.

"सुनंदाताई," तो म्हणाला, "कानात दोष नाही, गाडीत दोष नाही. मग आता डोक्यातच बघायला लागणार."

मी त्याला म्हटलं, गाडी मला दाखव, पण ठरवून आणू नकोस. घरच्या कॅलेंडरवर टाकू नकोस, घरी बोलू नकोस, धुऊ तर अजिबात नकोस. कुठेतरी जाता जाता ये.

पुढच्या रविवारी बापलेक भाजी आणायला निघाले होते ते आमच्या दारात उभे राहिले. विनायक चालवायला, जुई शेजारी, मी मागे. गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्याला लागलो आणि मला तो आवाज स्वच्छ ऐकू आला. पहिल्यांदा मला आनंद झाला तो विनायकसाठी. मग मी डोळे मिटून ऐकलं. किणकिण धातूची होती, पण गाडीच्या धातूची नव्हती, सुटी होती. आणि घरघर होती पितळेच्या बारीक पट्ट्यांची, पेटीत असतात तशा. असली वस्तू कोणतीच कंपनी गाडीत बसवत नाही. मी डोळे उघडले तर समोरच्या आरशात जुईचा चेहरा दिसला. तिला कळलं होतं की मला कळलंय.

विनायकनं मान न वळवता विचारलं, येतोय का आवाज? मी म्हटलं, येतोय रे, घरी चल, सांगते. त्याचे खांदे एकदम खाली आले. दारात पोचल्यावर मी त्याला आमच्या यजमानांकडे चहाला आत पिटाळलं आणि जुईला म्हटलं, डिकी उघड.

तिनं डिकी उघडली, आतली फळी उचलली. स्टेपनीच्या मधल्या खोलगट जागेत आणि भोवताली तिनं आपलं सगळं सामान भरून ठेवलं होतं. कोरायच्या पटाशा, माउथ ऑर्गन, दोरीला अडकवायच्या कड्या, दगडांची पिशवी, आणि मासे पकडायच्या गळांचा एक पत्र्याचा डबा. देणगीच्या दुकानात काहीच गेलं नव्हतं. गाडी डीलरकडे जायच्या आदल्या दिवशी ती घरचं कॅलेंडर बघून हे सगळं मैत्रिणीकडे ठेवायची आणि गाडी परत आली की पुन्हा भरायची. चाकाचे दांडे तपासणाऱ्या बापाला डिकीतली फळी उचलून बघायचं काही सुचलं नव्हतं.

"मावशी, प्लीज बाबांना सांगू नको," ती म्हणाली. "आय प्रॉमिस, मी सगळं आजच घेऊन जाते. तू सांग ना, एखादा स्क्रू लूज होता."

सांगणं अवघड नव्हतं. विनायकनं माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला असता, जुईच्या वस्तू वाचल्या असत्या आणि संध्याकाळ गोड झाली असती. आणि माझा जीव तिच्या बाजूनंच होता, हे कबूलच करते. त्या डबड्यांकडे बघून मला मिरजेतल्या रस्त्यावरून वाचनालयाची पिशवी घेऊन जाणारी मी दिसत होते. पण आत बसून चहा पिणाऱ्या माणसाचं काय करायचं? मी तिला विचारलं, तुझे बाबा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले, हे तुला माहीत आहे? तिला माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं, तिच्या आजोबांच्या भासांचंही. ती डिकीच्या काठावर बसली.

"ते मला ऑलवेज विचारायचे, येतोय का," ती हळू म्हणाली. "मला वाटायचं ते माझी टेस्ट घेतायत."

मी तिला तंबोऱ्यांच्या गल्लीचं सांगितलं. अण्णा गेले तरी त्यांना ते कळलं नाही, आणि आता ते ज्याला सांगावंसं वाटतं तो माणूसच नाही, असंही सांगितलं. म्हटलं, मी तुझ्या बाबांशी खोटं बोलणार नाही, पण आपण होऊन सांगणारही नाही. सांगायचं तर तू सांग. ती नखं खात बसली. मग उठली, दारापर्यंत गेली आणि आत न जाता तिथूनच हाक मारली, बाबा, जरा बाहेर या.

मी तिथून निघत होते, तर तिनं माझी ओढणी धरून ठेवली. विनायक चहाचा कप हातात घेऊनच आला. डिकीत बघितलं. कप पायरीवर ठेवला, वाकून पत्र्याचा डबा नुसता हलवला. किणकिण झाली.

"म्हणजे आवाज होता," तो म्हणाला.

"आय कुड हिअर इट, बाबा. एव्हरी टाइम. सॉरी."

मला वाटलं आता हा चिडणार, आणि चिडायचा त्याला पुरेपूर हक्क होता. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं, आणि ते बरंचसं सुटकेचं होतं. डोकं शाबूत असल्याचा आनंद माणसाला इतर कशावर रागावू देत नसावा. तो डिकीशी उकिडवा बसला आणि एकेक वस्तू हातात घेऊन विचारायला लागला, हे काय, हे कशाला लागतं. जुई घाबरत घाबरत सांगत होती. गळांच्या डब्याशी तो अडला. घर पिढ्यान् पिढ्या शाकाहारी.

"मासे? आपल्या घरात?"

"पकडून परत पाण्यात सोडते, बाबा."

"मग पकडतेस कशाला?"

तिघंही हसलो. मग त्यानं खरा प्रश्न विचारला, डॉक्टर व्हायचं नाहीये का तुला?

"माहीत नाही. मे बी व्हायचंय," जुई म्हणाली. "हॉस्पिटलमध्ये मला आवडतं, खरंच. पण एवढंच नाही व्हायचंय, बाबा."

त्यानं डिकी बंद केली, निवलेला चहा एका घोटात संपवला आणि बापलेक भाजी न आणताच घरी गेले. जाताना जुई माझ्याकडे बघेना. रात्रभर मला वाटत राहिलं, आपण नको तिथे नाक खुपसलं. अनघाचा फोन आला नाही, तेव्हा तर खात्रीच पटली.

वाचक विचारतीलच, म्हणून पुढचं सांगून टाकते. त्या मेडिकलच्या कोर्सला जुईनं अर्ज केला. मुलाखतीत आवडीनिवडी विचारल्यावर गळापासून दगडांपर्यंत सगळं सांगून आली. तिथे तिची निवड झाली नाही. सल्लागार म्हणाला, मी सांगत होतो. विनायक दोन दिवस जेवला नाही, हेही खरं आहे. मग ती साध्या कॉलेजात गेली, अजून तिथेच आहे, आणि डॉक्टर होणार की नाही हे अजून कुणालाच ठाऊक नाही. विनायक मला अधूनमधून विचारतो, सुनंदाताई, हिचं पुढे काय होणार? काळजी गेलेली नाही. ती जाणारही नाही, अण्णांची तरी कुठे गेली होती.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारनंतरच्या आठवड्याचं. ऑफिस सुटताना विनायक पार्किंगमध्ये, त्या दिवसापुरती जुईकडून मागून आणलेली गाडी घेऊन, माझी वाट बघत उभा होता. एक चक्कर मारू या, म्हणाला. मी नेहमीसारखी मागे बसले. तोच कच्चा रस्ता, तेच खड्डे, गाडी मुकाट. मी म्हटलं, काढलंस वाटतं सगळं सामान. त्यानं गाडी कडेला घेतली, उतरून डिकी उघडली आणि फळी उचलली.

स्टेपनीवर त्यानं काळ्या फोमचा जाड थर बसवला होता आणि त्यात प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खळगा कापला होता. इंजिनियरचं काम, कुठे दोरा आत-बाहेर नाही. पटाशा आपल्या जागी, माउथ ऑर्गन आपल्या जागी, कड्या आपल्या. दगडांतल्या प्रत्येक दगडाला वेगळं घर. गळांचा डबासुद्धा होता. तीन रात्री बापलेक गॅरेजमध्ये बसून हे करत होते, आणि अनघा वरून जेवायला हाका मारून दमली होती.

उजव्या कोपऱ्यात मात्र एक मोठा चौकोनी खळगा रिकामा होता. बाकी सगळ्यांपेक्षा मोठा. मला वाटलं, काहीतरी एक त्यानं शेवटी काढून घेतलंच.

"इथलं काय काढलंस?" मी विचारलं.

"काढलं नाही," विनायक म्हणाला. "ते अजून यायचंय. काय असेल ते तिलाही माहीत नाही, म्हणून जागा जरा मोठीच ठेवली."